परवडणारी डेटा-व्यवस्थापन सेवा आणि प्रशिक्षण : आमच्या संस्थेचा सहा महिन्यांचा अनुभव

आमच्या स्वयंसेवी संस्थेच्या अनेक वर्षांच्या नोंदी चाळीसहून अधिक एक्सेल फायलींमध्ये विखुरलेल्या होत्या. शिबिरांची हजेरी एका फायलीत, देणगीदारांचे पत्ते दुसरीत आणि गृहभेटींचे तपशील तिसरीत होते. एका फायलीतील व्यक्ती दुसऱ्या फायलीत शोधायची तर उपयोगी पडेल असा समान क्रमांक कोठेही नव्हता. वार्षिक अहवालाच्या सुमारास दोन कार्यकर्त्यांचे कित्येक दिवस केवळ आकडे जुळवण्यात जात, आणि तरीही ‘एकूण लाभार्थी किती’ या प्रश्नाला विश्वस्तांच्या बैठकीत एक उत्तर मिळे व देणगीदारांच्या हाती दुसरेच पडे. यातून मार्ग काढण्यासाठी आम्ही फक्त ना-नफा संस्थांसाठी काम करणाऱ्या तीन जणांच्या एका चमूची सेवा घेतली.

शुल्काची रीत आम्हाला न्याय्य वाटली. संस्थेचा वार्षिक खर्च पाहून ते शुल्क ठरवतात, म्हणजे लहान संस्थेला मोठ्या संस्थेइतके पैसे मोजावे लागत नाहीत. शिवाय त्यांनी वापरलेली बहुतेक साधने मुक्त परवान्याची आहेत, त्यामुळे चमू निघून गेल्यावर दरवर्षी नूतनीकरणाचा खर्च मागे राहत नाही. त्यांची एक अट मात्र कडक होती : प्रत्येक सत्राला संस्थेतील किमान दोन माणसे बसलीच पाहिजेत, अन्यथा सत्र होणार नाही. सुरुवातीला ही अट आम्हाला जाचक वाटली. आज मागे वळून पाहताना या सेवेचे खरे मोल मला त्या अटीतच दिसते.

पहिल्या सत्रात संगणक उघडलाच नाही. ‘लाभार्थी कोणाला म्हणायचे, ते एका परिच्छेदात लिहा,’ एवढेच त्यांनी सांगितले. एकदाच शिबिराला येऊन गेलेली स्त्री मोजायची का, तिच्या मुलाला वह्या मिळाल्या असतील तर तो वेगळा लाभार्थी धरायचा का, की सगळे कुटुंब मिळून एक धरायचे, यावर आमच्यातच अडीच तास वाद झाला. आमचे दोन आकडे कशामुळे निघत होते, ते त्या वादात प्रथमच स्पष्ट झाले. त्या चर्चेतून त्यांनी आमच्याकडून एक माहितीकोश लिहून घेतला. कोणत्या रकान्याचा अर्थ काय, त्यात कोणती उत्तरे चालतील, तो कोणी भरायचा आणि बदलण्याचा अधिकार कोणाला, हे त्यात साध्या भाषेत नोंदलेले आहे.

त्यानंतरची चार सत्रे एक्सेलवर झाली, आणि मला ती सर्वांत उपयुक्त वाटली. एका ओळीत एकच नोंद आणि एका रकान्यात एकच गोष्ट असावी. रंगाला अर्थ देऊ नये, कारण पिवळ्या ओळी मोजणे सूत्राला सरळ जमत नाही. शून्य, रिकामी चौकट आणि ‘माहिती नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी मानाव्यात. दूरध्वनी आणि ओळख क्रमांकांचे रकाने मजकूर म्हणूनच ठेवावेत, कारण एक्सेल आकड्याच्या सुरुवातीचे शून्य गाळते आणि पंधरा अंकांनंतरचे अंक शून्य करून टाकते. हे नियम ऐकायला किरकोळ वाटतात, परंतु प्रशिक्षकांनी प्रत्येकामागचे कारण उदाहरणासह समजावले. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे जवळपास १६,००० बाधित दैनंदिन मोजणीतून सुटले होते. जुन्या एक्सेल स्वरूपाच्या फायलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते, हे त्यामागचे कारण होते. त्याच वर्षी मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने काही जनुकांची नावेच बदलली, कारण एक्सेल ती तारखा समजून बदलत असे. एवढ्या मोठ्या यंत्रणांच्या हातून हे घडते, हे कळल्यावर आमच्या कार्यकर्त्यांचा संकोच गेला आणि त्या आपल्या चुका मोकळेपणाने दाखवू लागल्या.

दुबार नोंदी शोधण्यासाठी त्यांनी ओपनरिफाइन शिकवले. २०१० मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झालेले आणि २०१२ पासून या नावाने ओळखले जाणारे हे विनामूल्य साधन आपल्याच संगणकावर चालते, म्हणून लाभार्थींची माहिती कोणा तिऱ्हाइताच्या सर्व्हरवर ठेवावी लागत नाही. त्यात केलेला प्रत्येक बदल क्रमाने नोंदला जातो आणि उलटवताही येतो. आडनाव आधी की नाव आधी, मध्ये पूर्णविराम आहे की नाही, अशा फरकांमुळे वेगळ्या दिसणाऱ्या नोंदी ते एकत्र दाखवते. देवनागरीत मात्र ऱ्हस्व-दीर्घाचे फरक उरतात, आणि त्यातील उच्चारावर आधारलेल्या पद्धती रोमन लिपीसाठी घडलेल्या असल्याने येथे फारशा कामी येत नाहीत. प्रशिक्षकांनी ही मर्यादा आपणहून सांगितली आणि अक्षरांतील अंतर मोजणारी, म्हणजे किती अक्षरे बदलली की एक नाव दुसऱ्यासारखे होते ते पाहणारी, पद्धत वापरून दाखवली. जोड्या यंत्राने सुचवाव्यात, पण एकत्र करण्याचा निर्णय त्या कुटुंबांना ओळखणाऱ्या कार्यकर्तीनेच घ्यावा, हा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटला, कारण सारख्या नावाच्या दोन जावा आमच्या यादीत खरोखरच होत्या आणि घाईत त्यांची एक नोंद झाली असती.

उणिवाही सांगायला हव्यात. मोबाइलवर नोंदी घेण्यासाठी त्यांनी कोबोटूलबॉक्स या माहिती गोळा करण्याच्या साधनावर फॉर्म बनवून दिला. नेटवर्क नसतानाही तो भरता येतो आणि चुकीचे वय टाकल्यास तेथल्या तेथे अडवतो. परंतु तो प्रत्यक्ष वापरणाऱ्या क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठी एकच सत्र ठेवले होते, आणि ते अपुरे पडले. संमती व गोपनीयता हा विषय त्यांनी शेवटच्या तासात उरकला. आजार, घरगुती हिंसा यांसारख्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला या विषयासाठी पूर्ण दिवस मिळायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याआधी आम्ही दुसऱ्या एका कंपनीकडून बरेच महागडे सॉफ्टवेअर करून घेतले होते. करार संपल्यावर आमच्याच नोंदी मागितल्या, तेव्हा आम्हाला केवळ छापण्याजोगे अहवाल मिळाले आणि हजारो नावे हाताने पुन्हा टंकावी लागली. या चमूने शेवटच्या आठवड्यात सर्व प्रशासकीय पासवर्ड आमच्या नावे केले, स्वतःकडील प्रती पुसल्याचे लेखी दिले आणि बॅकअपमधून सगळी माहिती परत आणण्याची तालीम आमच्याकडून करून घेतली. पहिल्या तालमीत आमची ‘ताजी’ प्रत चार महिने जुनी निघाली, म्हणून ती तालीम त्यांनी जादा शुल्क न घेता पुन्हा घेतली.

ज्या संस्थांना फायली कोणाच्या तरी हवाली करून महिन्याभरात तयार यादी परत हवी आहे, त्यांच्यासाठी ही सेवा नाही. ज्यांच्याकडे आठवड्यातून अर्धा दिवस मोकळा ठेवू शकतील अशा दोन व्यक्ती आहेत, त्यांनी ती जरूर घ्यावी. त्या दोघींपैकी एक क्षेत्रात हिंडणारी असावी आणि गोपनीयतेचे स्वतंत्र सत्र करारातच लिहून घ्यावे.