हेझलनट ब्राऊन नेक्टर: फ्रीजमधून काढून लगेच तोंडाला लावू नका

हेझलनट घातलेली बिअर म्हटलं की ओळखीतले निम्मे लोक आधीच तोंड वाकडं करतात, आणि त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, फ्लेवरच्या नावाखाली हल्ली बिअरमध्ये काहीही ओततात. पण अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या रोग ब्रुअरीची (हो, नाव हेच आहे, हसून घ्या) हेझलनट ब्राऊन नेक्टर त्यातली नाही. मुळात ब्राऊन एल (तपकिरी रंगाची, खमंग चवीची बिअर) नीट बनवलीय, हेझलनट नंतरचा, आणि तोही जिभेवर कमी नि नाकात जास्त. हे ध्यानात घेऊन प्यायलात तर आवडेल, न्यूटेलाची अपेक्षा ठेवून बसलात तर अर्धी तशीच राहील.

ग्लासात ओतल्यावर रंग गडद तपकिरी, दिव्यासमोर धरला तर कडेला लालसर झाक. फेस बदामी, बोटभर येतो. ग्लास नाकाशी नेला की पहिला हेझलनटच, काही लपवाछपवी नाही. घरी कुटासाठी शेंगदाणे भाजताना सालं काळी पडायला लागतात तेव्हा वास सुटतो ना, साधारण तसा, फक्त जरा जास्त गोडसर. त्याच्या मागून टॉफी, थोडासा कोको. आणि मग घोट घेतला की हा हेझलनट चक्क बाजूला सरकतो, पुढे येतं ते भाजलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), ब्रेडच्या करपलेल्या कडेसारखं कोरडं, आणि गिळून झाल्यावर नाकातून श्वास सोडला की हेझलनट परत हजर. मला हा लपंडावच आवडला. कडवटपणा 33 आयबीयू (बिअरच्या कडूपणाचं माप), म्हणजे गोडाला लगाम घालण्यापुरता, अल्कोहोल 5.6 टक्के, तेव्हा एका बाटलीत काही विमान उडत नाही.

आता टेंपरेचर. पोर्टलंडमधल्या एका बारमध्ये (नाव सांगत नाही) ही मला फ्रीझरमधल्या बर्फ चढलेल्या ग्लासात आणून दिली, आणि त्या थंडीत वास पार मेला, उरलं नुसतं गोड तपकिरी पाणी. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "अरे यात हेझलनट आहे कुठे?" बरोबर होतं त्याचं. घरी फ्रीजमधून काढा, पंधरा-वीस मिनिटं ओट्यावर ठेवा, दहा-बारा डिग्रीला आली की ओता. आपल्याकडे बिअर म्हणजे दात शिवशिवले पाहिजेत अशी समजूत आहे, ती पुण्याच्या मे महिन्यात लागरला (नेहमीच्या हलक्या, पिवळ्या बिअरला) ठीक, इथे नाही.

हेझलनट घालायचे म्हणजे भरडून पिंपात टाकायचे असं नाही बरं का, नॅचरल एक्स्ट्रॅक्ट (अर्क) घालायचे. काही जण यावर नाक मुरडतात, "म्हणजे इसेन्सच ना शेवटी". पण दाण्यात तेल केवढं असतं, ते बिअरमध्ये उतरलं की फेस बसतो आणि पुढेमागे खवट वासही येऊ शकतो, त्यामुळे एक्स्ट्रॅक्ट हा आळशीपणा नाही, शहाणपणा आहे. मूळ कल्पना ख्रिस स्टुडाक या होमब्रूअरची, रोगचे तेव्हाचे ब्रूमास्टर जॉन मायर यांचा हा मित्र, म्हणजे घरच्या पातेल्यातला उद्योग पुढे ब्रुअरीत गेला. यीस्ट त्यांचं स्वतःचं, पॅकमॅन नावाचं, ते स्वतःची फळंबिळं वासात घुसवत नाही, म्हणून दाण्याला जागा मिळते. नट ॲलर्जी असलेल्यांनी मात्र लांबच राहावं, उगाच प्रयोग नको.

इंग्लंडमधल्या टॅडकास्टरची सॅम्युअल स्मिथची नट ब्राऊन एल प्यायलेले लोक म्हणतात की ही दाणेदार चव तर तिथेही आहे. आहे ना, पण त्यात दाणा नावालाही नाही, ती चव सगळी माल्टच्या भाजणीतून येते. ती जास्त सभ्य, जास्त कोरडी. दोन्ही शेजारी ठेवून प्यायलो तर स्मिथची बिअर म्हणून सरस वाटते, खोटं कशाला बोला, पण वासाला रोगची पुढे. आणि या बिअरने ऑरेगनमध्येच जन्म घ्यावा हेही रास्तच, अमेरिकेतला जवळजवळ सगळा हेझलनट इथल्या विलामेट खोऱ्यात होतो. शरदात आपण पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोहून दक्षिणेला गाडी काढली की बागाच बागा, दाणे पिकून आपोआप खाली पडतात आणि मशीन जमिनीवरून झाडून गोळा करतात, धुरळा इतका की काचा वर कराव्या लागतात. जुने लोक अजून फिल्बर्टच म्हणतात. 1989 पासून हा राज्याचा अधिकृत नट आहे, असली पदवी असते हे मला इथे आल्यावरच कळलं.

सोबत काय खायचं? चीजची प्लेट वगैरे सगळे सांगतातच. आमच्याकडे कोल्हापुरी भडंग होतं, लसूण आणि मिरची सढळ हाताने घातलेलं, आणि काय जमलंय म्हणून सांगू, तिखटाला बिअरचा गोडवा उतारा आणि दाण्याला दाणा. सुकं मटणही चालेल, कांदा-खोबरं खरपूस भाजलेलं वाटण हवं मात्र. गोड पदार्थासोबत नको, दोन्ही एकमेकांचा जीव घेतात. बायकोला एरवी आयपीए या कडक कडू बिअरचा कडवटपणा सहन होत नाही, तिने ही आवडीने प्यायली. माझा आयपीएभक्त मित्र दोन घोटांत कंटाळला. दुसरी बाटली सलग उघडावी अशी मलाही वाटत नाही, गोडवा साठत जातो, दोघांत एक पुरे.

आता पंचाईत अशी की 1988 साली सुरू झालेली ही ब्रुअरी नोव्हेंबर 2025 मध्ये अचानक बंद झाली, न्यूपोर्टच्या बंदरावरचा कारखाना, पब, सगळंच. त्यामुळे दुकानात बाटली दिसली की हरखून जाऊ नका, आधी तारीख बघा. या बिअरमध्ये सगळ्यात आधी उडतो तो हेझलनटचा वास, आणि तोच गेला तर मागे पुठ्ठ्यासारखी चव राहते. जपून ठेवायची ही बिअर नाही, कोणी दुर्मिळ म्हणून चढा भाव सांगितला तर सरळ सोडून द्या आणि त्या पैशात स्मिथची घ्या.