नव्या अप्रेझर डॉक्टरांसाठी दादरची दोन दिवसांची कार्यशाळा

आमच्या हॉस्पिटलने यंदापासून कन्सल्टंट डॉक्टरांचं वार्षिक अप्रेझल, म्हणजे वर्षभराच्या कामाचा समोरासमोर बसून घेतलेला आढावा, सुरू करायचं ठरवलं आणि तो घेणाऱ्या डॉक्टरांच्या, म्हणजे अप्रेझरच्या यादीत माझंही नाव आलं. मी भूलतज्ज्ञ. ज्यांच्यासोबत रोज ऑपरेशन थिएटरमध्ये उभी असते, त्यांच्याच समोर बसून त्यांच्या वर्षभराच्या कामाबद्दल बोलायचं, तर ते रीतसर शिकूनच करावं असं वाटलं. शिकवणारे दोघेही ब्रिटनमध्ये बरीच वर्षं काम करून आलेले मराठी डॉक्टर. हॉल दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखा. फी हॉस्पिटलने भरली.

पाया अर्थात ब्रिटिश पद्धतीचा. तिथे डिसेंबर २०१२ पासून रीव्हॅलिडेशन, म्हणजे डॉक्टरच्या लायसन्सची ठरावीक काळाने फेरतपासणी, आहे. दरवर्षी अप्रेझल होतं आणि साधारण पाच वर्षांनी रिस्पॉन्सिबल ऑफिसरच्या (संस्थेतल्या यासाठी जबाबदार वरिष्ठ डॉक्टरच्या) शिफारशीवरून जनरल मेडिकल कौन्सिल, म्हणजे तिथली डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था, डॉक्टरचं लायसन्स पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरवते. अप्रेझर कुणाला पास-नापास करत नाही. हे पहिल्याच तासात कळलं आणि मी मोकळी झाले. डॉक्टरने आणायची माहिती सहा प्रकारची: चालू शिक्षण, कामाच्या दर्जात केलेली सुधारणा, गंभीर घटना, रुग्णांचं मत, सहकाऱ्यांचं मत, आणि तक्रारी व कौतुक. आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते कॉन्फरन्सना हजेरी लावून जमतात, पण त्यामुळे तुमच्या ओपीडीत काय बदललं हे कुणी विचारत नाही. इथे तोच प्रश्न विचारायला शिकवतात.

खरा कस लागतो तो रोल-प्लेमध्ये. एक ज्येष्ठ सर्जन ‘ज्यांचं अप्रेझल होतंय ते डॉक्टर’ झाले, हाताची घडी घालून बसले आणि म्हणाले, "तीस वर्षं ऑपरेशनं करतोय, तुम्ही मला काय सांगणार?" समोरची तरुण बालरोगतज्ज्ञ क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सर, सांगायला नाही आले. या वर्षातली कुठली केस अजून डोक्यात आहे?" घडी सुटली. पुढचा बराच वेळ सरच बोलत होते, तेही एका गुंतागुंतीच्या केसबद्दल, अगदी मनापासून. मागे बसलेल्या निरीक्षकाने कोण किती वेळ बोललं ते टिपलं होतं, आणि चर्चा त्या नोंदीवरच झाली.

लिखाणाचं सत्रही तितकंच दमदार. "मधुमेहाविषयी ज्ञान वाढवणे" असं पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट कुणी लिहिलं की शिकवणारे सर विचारायचे, "वाढलं हे पुढच्या वर्षी कळणार कसं?" मग तेच वाक्य असं झालं: "जूनपर्यंत ओपीडीतल्या २० मधुमेही रुग्णांचे केसपेपर तपासून पायांच्या तपासणीची नोंद आहे का ते पाहणे, आणि डिसेंबरमध्ये पुन्हा मोजणे." हा एक कागद मी जपून ठेवलाय.

आता जिथे कार्यशाळा कमी पडते ते. ब्रिटनमधल्या नियमानुसार डॉक्टरने आपलं सगळं काम अप्रेझलमध्ये मांडायचं असतं, जिथे जिथे करतो ते सगळं. मुंबईतला कन्सल्टंट सकाळी ट्रस्ट हॉस्पिटलात, दुपारी दुसऱ्याच नर्सिंग होममध्ये आणि संध्याकाळी डोंबिवलीतल्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये. या सगळ्या ठिकाणच्या तक्रारींची माहिती कोण देणार? यावर समाधानकारक उत्तर मिळालं नाही. नमुन्याच्या केसेस जवळजवळ सगळ्या ब्रिटिश जीपींच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या होत्या.

त्याहून मोठी उणीव म्हणजे गोपनीयतेवरचं सत्र फार घाईत उरकलं. रुग्णाच्या जिवाला धोका दिसला तर बोलणं थांबवून वर कळवायचं, एरवी खोलीतलं खोलीत, एवढं सांगितलं. पण आपल्या खाजगी हॉस्पिटलांत हेच कागद एचआरकडे गेले आणि त्यावर पगारवाढ किंवा करार ठरला, तर कुठला डॉक्टर चुकलेल्या केसबद्दल तोंड उघडेल? अप्रेझर म्हणून बसण्याआधी व्यवस्थापनाकडून हे लेखी घ्यावं, असं माझं ठाम मत आहे, आणि मी ते मागितलंय.

जेवण ठीक, एसी जरा जास्तच. ज्यांना हे काम नव्याने मिळालंय त्यांनी ही कार्यशाळा नक्की करावी. जाताना आपल्या विभागातली एक खरी केस, रुग्णाचं नाव-गाव काढून, सोबत न्या. रोल-प्लेमध्ये कामी येते. लिखाणाचं सत्र दुसऱ्या दिवशी उशिरा संपतं, त्यामुळे त्या संध्याकाळची ओपीडी आधीच कुणाला तरी सोपवा.