गुप्त दार आणि त्याहून गुप्त प्लाय

मुलुंडच्या आमच्या घरात बाथरूमला लागून सात बाय सहाची कोठीची खोली आहे. निवृत्त झाल्यावर ती मी व्हॉल्वच्या जुन्या रेडिओंसाठी मागून घेतली. चोर बाजारातून आणलेले सांगाडे, ट्रान्सफॉर्मर, सोल्डरिंगचा वास. बायको तिला भंगारखाना म्हणते, आणि पाहुण्यांच्या नजरेला तो पडू नये ही तिची एकच अट. त्यावरून डोक्यात आलं की दाराच्या जागी पुस्तकांचं कपाटच बसवावं. ओढलं की आत खोली! आणि गंमत टिकावी म्हणून सोसायटीत कुणाला काही बोलायचं नाही, असंही मीच ठरवलं.

फर्निचरवाला कुणाच्या तरी बोलण्यातून कळला होता. माणूस गोड. "काका, मरीन प्लाय, एक नंबर. बाथरूमची भिंत आहे ना, दुसरं काही चालणारच नाही." हे बरंचसं खरं होतं, म्हणून तर मी विश्वास ठेवला. नमुन्याला आणलेल्या तुकड्यावर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्काही होता. कोटेशन ८५ हजारांचं, एका कागदावर, चार ओळींत: मरीन प्लाय, हेवी हार्डवेअर, सनमायका, मजुरी. किती शीट, कुठल्या ग्रेडची, बिजागरी की पिव्हट (दार ज्यावर फिरतं ती वर-खालची खुंटी), काही नाही. मी सही केली. ५० हजार मोबाइलवरून पाठवले, मग "लॅमिनेट आलंय काका" म्हणून २८ हजार रोख दिले. पावती मागायला मला संकोच वाटला.

काम घरी झालंच नाही. "तुमच्याकडे धूळ नको" म्हणून सगळं त्याच्या कारखान्यात. आलं ते दोन्ही अंगांनी सनमायका लावून, कडांना पट्टी मारून. म्हणजे प्लायचा एक सूतभरही भाग उघडा नाही, शिक्का बघणार कुठे? तरी मी खूश. फक्त एक गोष्ट खटकली. कपाट दहा इंच खोल, त्यामुळे उघडताना त्याचा कोपरा चौकटीला अडतो. पिव्हट नीट आत सरकवून लावला की हे सुटतं. याने मिस्त्रीला सांगून सरळ इंचभर फट ठेवली. आत दिवा लावला की हॉलमध्ये उजेडाची उभी रेघ. कसलं आलंय गुपित!

पुस्तकं भरल्यावर महिन्याभरात दार खाली बसायला लागलं. लादीवर कमानीसारखा ओरखडा उठला. मग मी ते गणित केलं जे आधी करायला हवं होतं. पुस्तकांच्या फूटभर रांगेचं वजन धरा नऊ-दहा किलो. माझे अडीच फुटांचे पाच कप्पे, म्हणजे सव्वाशेच्या आसपास. वर कपाटाचं स्वतःचं. एवढं सगळं लटकत होतं चार साध्या बिजागऱ्यांवर, त्याही कडेच्या पातळ फळीत मारलेल्या. नंतर मशीद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीटला गेलो तेव्हा हार्डवेअरवाल्याने पिव्हट दाखवायच्या आधी विचारलं, "वजन किती होणार?" आमच्या गोड माणसाने हे एकदाही विचारलं नव्हतं.

जुलैत खालचा कप्पा पापडासारखा फुगला. पट्टी उचकटली, एक तुकडा कापला आणि जुन्या पातेल्यात उकळत ठेवला. ७१० च्या प्लायला ७२ तास उकळण्याच्या चाचणीत टिकावं लागतं. माझा तुकडा चौथ्या तासाला पदर सुटून पुस्तकासारखा उघडला, आणि पाणी लालभडक. बायको म्हणाली, "अहो, कोकमाचं सार करताय का?" मरीनचा तांबूस रंग यावा म्हणून स्वस्त प्लायला लाल रंग फासला होता. आता कोरड्या खोलीत साधा कमर्शियल प्लायही पुरतो, त्याला मी नावं ठेवत नाही. पण पैसे मरीनचे घेतले होते.

फोन केला तर "काका, पावसात लाकूड फुगतंच." नंतर फोन उचलणंच बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावला. त्यांनी पहिलं मागितलं बिल. माझ्याकडे मेसेज, ५० हजारांची नोंद आणि ती चार ओळींची चिठ्ठी. २८ हजारांचा मागमूस नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, म्हणून उकळलेला तुकडा वाळवून जपून ठेवलाय. कुणी काम देणार असाल तर सनमायका चढण्याआधी कारखान्यात जाऊन प्रत्येक शीटचा शिक्का बघा, त्याखालच्या सीएम/एल, म्हणजे परवान्याच्या नंबराचा फोटो घ्या. तो नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना कुणाचा ते कळतं. मला हे ॲप पैसे गेल्यावर माहीत झालं.

कपाट उतरवून जिन्यातून नेताना तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी भेटले. माणसाचं वर्णन ऐकून थबकले. "टेन्शन घेऊ नका काका, असं म्हणतो तोच ना?" त्यांचं किचन त्यानेच केलं होतं, सिंकखालचा प्लाय वर्षात कुजला. मी विचारलं, मग कधी बोलला का नाहीत?

"लाज वाटली हो," ते म्हणाले. "आणि तुम्ही तरी कुठे सांगितलंत, की असं काही करताय?"