‘डब्ल्यू-एरर’ फ्लॅग आणि कॉन्फिगर : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जीसीसी या सी कंपायलरचा ‘डब्ल्यू-एरर’ हा फ्लॅग (वॉर्निंगलाही एरर मानून बिल्ड थांबवणारा पर्याय) मी आमच्या सी प्रकल्पात नऊ महिन्यांपूर्वी सुरू केला. वॉर्निंग असलेला कोड मुख्य ब्रँचमध्ये जाऊच नये, एवढाच त्यामागचा हेतू होता आणि तो पूर्ण झाला आहे. त्यामुळे हा फ्लॅग मी काढणार नाही. मात्र तो नेमका कुठे लिहायचा हे मला पहिले तीन महिने उमगले नव्हते आणि ती चूक महागात पडली.

मी तो ‘सीफ्लॅग्स’ या कंपायलरच्या पर्यायांच्या व्हेरिएबलमध्ये घालून कॉन्फिगर (सिस्टिमवर काय काय उपलब्ध आहे हे बिल्डआधी तपासणारी स्क्रिप्ट) चालवत असे, आणि बिल्डही विनातक्रार पूर्ण होत असे. तिसऱ्या महिन्यात ॲड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारे साधन लावून टेस्ट चालवल्या, तेव्हा ‘स्ट्रएनडप’ या, ठरावीक मर्यादेपर्यंत स्ट्रिंगची प्रत काढणाऱ्या फंक्शनमध्ये बफरच्या हद्दीबाहेर वाचन होत असल्याचे दिसले. स्टॅक ट्रेसमधले ते फंक्शन ग्लिबसीचे, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचे, नव्हतेच. ज्या जुन्या सिस्टिमवर ते मिळत नाही, त्यांच्यासाठी आमच्या प्रकल्पात फार पूर्वी लिहून ठेवलेले ते पर्यायी फंक्शन होते, आणि दिलेल्या मर्यादेपर्यंतच मोजण्याऐवजी ते आधी शून्य सापडेपर्यंत लांबी मोजणारे ‘स्ट्रलेन’ बोलावत असल्यामुळे शेवटी शून्य नसलेल्या बफरवर पुढे पुढे वाचत जात असे. लिनक्सवर हे फंक्शन कंपाइल होण्याचे कारणच नव्हते.

उत्तर ‘कॉन्फिग.लॉग’ या कॉन्फिगरच्या नोंदींच्या फाइलमध्ये होते. एखादे फंक्शन उपलब्ध आहे का हे पाहण्यासाठी कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारा ऑटोकॉन्फ ‘कॉनफटेस्ट.सी’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहितो आणि त्यात ते फंक्शन ‘चार’ (कॅरेक्टर) हा टाइप परत करणारे म्हणून मुद्दाम खोटेच जाहीर करतो, कारण त्याला केवळ लिंक होते की नाही एवढेच पाहायचे असते. जीसीसीला मात्र ‘स्ट्रएनडप’ची खरी ओळख असल्याने तो बिल्ट-इन फंक्शनशी टाइप जुळत नसल्याची वॉर्निंग देतो. एरवी तिच्याकडे कोणी पाहत नाही. माझ्या फ्लॅगमुळे तीच वॉर्निंग एरर झाली, कॉन्फिगरने ‘नो’ असे उत्तर नोंदवले, कॉन्फिगर तयार करतो त्या ‘कॉन्फिग.एच’ हेडरमधली, हे फंक्शन आहे असे सांगणारी ओळ कॉमेंटमध्ये गेली आणि पर्यायी फंक्शन गुपचूप आत आले. स्क्रीनवर शेकडो ओळी सरकत असताना एका ओळीच्या शेवटी ‘येस’ऐवजी ‘नो’ आले आहे, हे कोणाच्या नजरेस पडणार?

त्या मानाने फंक्शनच्या कंसात आर्ग्युमेंटचे टाइप दिले नसल्यास येणारी ‘स्ट्रिक्ट-प्रोटोटाइप्स’ची वॉर्निंग बरी म्हणायची. ऑटोकॉन्फ २.६९ने तयार केलेल्या स्क्रिप्टमध्ये ‘मेन’चा कंस रिकामा असतो, त्यामुळे ही वॉर्निंग आणि ‘डब्ल्यू-एरर’ एकत्र दिल्यास कंपायलरच चालत नाही असे सांगून कॉन्फिगर सुरुवातीलाच थांबतो. निदान बिघाड लपत तरी नाही. २.७१ने तयार केलेल्या स्क्रिप्टमध्ये त्या कंसात ‘व्हॉइड’ असते.

आता कॉन्फिगरला ‘एनेबल-वेरर’ असा पर्याय दिला आहे. तो निवडला तर फ्लॅग वेगळ्या व्हेरिएबलमधून मेकफाइलच्या ‘एएम-सीफ्लॅग्स’मध्ये जातो आणि कॉन्फिगरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचतच नाही. रिलीजमध्ये हा पर्याय बंद ठेवतो, कारण नव्या कंपायलरने एखादी नवी वॉर्निंग दिली म्हणून आमचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याचे बिल्ड अडू नये. एवढा बदल करायचा नसेल, तर आधी फ्लॅगविना कॉन्फिगर चालवून मग ‘मेक’च्या ओळीत ‘सीफ्लॅग्स’ द्यावेत. मात्र त्याने आधीचे ‘सीफ्लॅग्स’ पुसले जातात, त्यामुळे ‘ओ-२’ (ऑप्टिमायझेशन) आणि ‘जी’ (डीबग माहिती) तिथे पुन्हा लिहावे लागतात. ज्यांनी माझ्यासारखीच चूक केली असेल, त्यांनी दोन वेगळ्या डिरेक्टरींत फ्लॅगसह आणि फ्लॅगविना कॉन्फिगर चालवून दोन्ही ‘कॉन्फिग.एच’ डिफने ताडून पाहाव्यात. मी तसे केले, तेव्हा ‘स्ट्रएनडप’ एकटे नव्हते असे कळले.

क्लँग या दुसऱ्या सी कंपायलरवर एक गोष्ट नेमकी उलटी आहे. अनोळखी वॉर्निंग फ्लॅग दिला तरी तो केवळ वॉर्निंग देतो, त्यामुळे हा फ्लॅग चालतो का या चाचणीला कायम होकारच मिळतो. तेवढ्या एका चाचणीपुरता ‘डब्ल्यू-एरर’ लावावाच लागतो.

मे २०२४मध्ये आलेल्या जीसीसी १४वर गेल्यावर, कोणताही जादा फ्लॅग नसताना, आमची हाताने लिहिलेली एक जुनी चाचणी ‘नो’ म्हणू लागली. त्या आवृत्तीपासून जाहीर न केलेले फंक्शन वापरणे ही मुळातच एरर आहे, आणि त्या चाचणीत ‘एक्झिट’ बोलावले होते पण ‘एसटीडीलिब’ हेडर घेतलेले नव्हते. यावेळी मी थेट ‘कॉन्फिग.लॉग’ उघडला, हेडरची ती एक ओळ घातली आणि उत्तर पुन्हा ‘येस’ आले.