गिअर फ्लो डिव्हायडर: चिखलात भारी, वळणावर हट्टी

बडोद्याजवळ पादरा गावी मेव्हण्याच्या शेतात भाजीचे क्रेट बांधापर्यंत आणायला मी बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या शेडमध्ये एक ट्रॉली बनवली. पुढच्या दोन्ही चाकांना एकेक हायड्रॉलिक मोटर, पंप एकच, मिनिटाला 40 लिटरचा. पावसाळ्यात काळ्या मातीने इंगा दाखवला. डावं चाक सरीत उतरलं की जागच्या जागी गरागरा, उजवं ढिम्म. तेलाला अडवणूक कमी दिसली की सगळं तिकडेच पळतं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, यापेक्षा बैल बरा होता."

म्हणून दोन सेक्शनचा गिअर फ्लो डिव्हायडर घेतला, म्हणजे पंपाच्या तेलाचे दोन सारखे वाटे करणारा. स्पूलवाला, म्हणजे आतल्या सरकत्या दांड्याने तेल वाटणारा, स्वस्त होता, पण त्याला ठरावीक फ्लो लागतो, इंजिन मंद केलं की वाटणी बिघडते. गिअरवाल्यात गिअरच्या दोन जोड्या (हेच ते सेक्शन) एकाच शाफ्टवर असतात. एक फिरली की दुसरीला फिरावंच लागतं, आणि दर फेरीला दोघींचं माप सारखं. मला स्पूलच्या जवळपास तिप्पट पैसे पडले. वसूल झाले का? चिखलात तरी झाले. पहिल्याच दिवशी मुद्दाम त्याच सरीत चाक घातलं, तर दोन्ही चाकं एका चालीने फिरली आणि ट्रॉली निवांत बाहेर.

तिसऱ्या दिवशी उजव्या मोटरचा होज (तेलाचा रबरी पाइप) क्रिंपपाशी, म्हणजे टोकाला फिटिंग दाबून बसवतात तिथे, फुटला. होज अर्धा इंची, सिंगल वायरचा (तारेच्या जाळीचा एकच थर), 160 बार दाबाचा. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की तेल परत टाकीत सोडणारी झडप, 150 वर. फुटायचं कारणच नव्हतं! डबल वायरचा होज लावला, उजव्या लाइनवर दाबाचा गेज बसवला आणि परत सरीत गेलो. डावं चाक सुटलं तसा काटा 250 च्या पुढे. मग डोक्यात उजेड पडला. डाव्या बाजूला 20 बारच लागत असतील, तर तिथला उरलेला जोर शाफ्टमधून उजव्या जोडीला मिळतो आणि ती जोडी पंपासारखी दाबायला लागते. 150 ची दुप्पट 300, त्यातून 20 वजा, म्हणजे 280 पर्यंत मजल. गळती-घर्षणात थोडं जातं तेवढंच. म्हणून प्रत्येक सेक्शनला स्वतःचा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. दुकानदाराने मला बिनरिलीफचा साधा ब्लॉक दिला होता. घेताना विचारलं, तर गुजरातीत "थई जशे", म्हणजे होऊन जाईल. थई गयुं खरं, पँटवरचा तेलाचा डाग अजून निघालेला नाही. डिव्हायडरला चार तारे, दुकानाला दोन, तेही चहा पाजला म्हणून.

एक तारा कापला तो वळणासाठी. माझ्या चाकांमध्ये दीड मीटर अंतर आहे. 4 मीटर त्रिज्येत वळलं तर बाहेरच्या चाकाला आतल्याच्या जवळपास दीडपट पळावं लागतं, आणि हा पठ्ठ्या दोघांना मोजून सारखंच तेल देणार. मग आतला टायर घासत घासत मातीचा ढीग काढतो आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॉली नाक सरळच धरते. शेवटी दोन्ही मोटरांच्या लाइनी एका छोट्या होजने जोडून मध्ये हाताचा बॉल व्हॉल्व्ह टाकला. वळताना उघडा, म्हणजे आतल्या बाजूचं जास्तीचं तेल बाहेरच्या चाकाकडे जातं, चिखलात बंद. मेव्हणा मात्र अजूनही बंद करायला विसरतो, रुततो, आणि मला फोन करून सांगतो की तुमचा तो डिव्हायडर खराब झाला.