पॉइंट टू-टू पिस्तुलाची फायरिंग पिन बदलली, त्यानंतरचा मोसम

निकाल आधी सांगते. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटून ते पेटवणारा पोलादी भाग, बदलल्यापासून सरावात आणि स्पर्धेत मिळून बरीच खोकी राउंड (काडतुसं) संपली, पण पिनमुळे पिस्तूल अडलं नाही. त्याचं श्रेय मात्र एकट्या नव्या पिनला देता येत नाही. पिनबरोबर तिची रिटर्न स्प्रिंग बदलली, चेंबरचा, म्हणजे राउंड बसतो त्या नळीच्या मागच्या कप्प्याचा, काठ दुरुस्त करून घेतला आणि बोल्टमागचे (राउंडमागे बंद होणाऱ्या सरकत्या भागामागचे) धक्का झेलणारे बफरही नवे टाकले. नुसती पिन टाकली असती तर चार-सहा आठवड्यांत राउंड न उडता पुन्हा तोच नुसता 'खट्' आवाज ऐकावा लागला असता, असं माझं ठाम मत झालंय.

पिस्तूल पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ इंच कॅलिबरचं, इटालियन बनावटीचं, सेमी-ऑटोमॅटिक, पाच राउंडची मॅगझिन ट्रिगरच्या पुढे. एका सीनियर नेमबाजाकडून सेकंड-हँड घेतलेलं, रीतसर परवान्यावर चढवून. मेकचं नाव लिहीत नाही, कारण दोष मेकचा नाही. पिन सतत पोलादावर पोलाद झेलते. पुरेसे राउंड झाले की कुठल्याही कंपनीची पिन कधीतरी जाते.

वापर २५ मीटर पिस्तूलसाठी. या प्रकारात साठ शॉट असतात. पहिले तीस प्रिसिजनचे, पाच मिनिटांत पाच शॉट. पुढचे तीस रॅपिडचे, ज्याला रेंजवर सगळे ड्युएल म्हणतात: लाल दिव्यात हात खाली, सात सेकंद थांबा, हिरवा लागला की तीन सेकंदांत हात वर आणून एकच शॉट. प्रिसिजनमध्ये एखादा राउंड उडाला नाही तर डोकं शांत ठेवायला वेळ असतो. ड्युएलमध्ये हात वर येतो, ट्रिगर सुटतो, आणि आवाजच होत नाही. पुढच्या तीन सेकंदांत काय करायचं ते शरीराला आधीच माहीत असावं लागतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

पिनवर एवढी भिस्त का, ते थोडक्यात. मोठ्या कॅलिबरच्या काडतुसात बुडाच्या मधोमध प्रायमर असतो. पॉइंट टू-टूमध्ये तो नसतो. पेटणारा मसाला बुडाच्या कडेच्या पोकळ घडीत, म्हणजे रिममध्ये पसरलेला असतो. ही रिम जेमतेम एक मिलिमीटर जाड. पिन तिच्यावर एका बाजूला आपटते, आणि पलीकडून चेंबरचा काठ तिला टेकू देतो. या दोघांमध्ये रिम चेपली गेली तरच मसाला पेटतो. म्हणजे काम पिनचं जितकं, तितकंच चेंबरच्या काठाचं. ही दुसरी अर्धी बाजू बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. चेंबर रिकामं ठेवून पुन्हा पुन्हा ड्राय केलं, म्हणजे राउंड न घालता नुसता ट्रिगर दाबला, आणि पिनला अडवणारी योजना झिजलेली असली किंवा मुळातच नसली, तर पिनचं टोक थेट त्या काठावर आदळतं. टोकही झिजतं, काठही चेपतो.

माझ्याकडे सुरुवात अधूनमधून न उडणाऱ्या राउंडने झाली. प्रत्येकाने राउंडलाच दोष दिला, आणि तो अगदी चुकीचाही नव्हता. रिममधला मसाला कारखान्यात ओला असताना काडतूस गरगर फिरवून कडेला पसरवतात. क्वचित एखाद्या ठिकाणी तो पोहोचत नाही. त्यामुळे एखादा डड, म्हणजे न उडणारा राउंड, निघाला म्हणून पिस्तूल उघडून बसू नये. शंका असेल तर साधी तपासणी आहे. राउंड उडाला नाही की नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद तरी थांबायचं, कारण मसाला उशिरा पेटू शकतो. मग राउंड काढायचा आणि रिमवरची खूण बघायची. खूण खोल आणि स्वच्छ असेल, आणि राउंड थोडा फिरवून दुसऱ्या जागी आपटल्यावर उडाला, तर दोष बहुधा राउंडचा. खूण उथळ, तिरकी किंवा अर्धवट असेल तर राउंडला बोल लावण्यात अर्थ नाही.

माझ्या पिस्तुलाची खूण आयताकृती पडायची. उडालेल्या राउंडची केसं, म्हणजे रिकामी कवचं, जमवून ओळीने मांडली तर आयताचा एक कोपरा हळूहळू नाहीसा होत गेलेला दिसला. शेवटच्या खुणा तर उंदराने कुरतडल्यासारख्या होत्या. पिनच्या टोकाचा कोपरा उडाला होता. तेव्हापासून प्रत्येक सरावानंतर पाच-सहा केसं भिंगाखाली बघायची सवय लावून घेतली आहे. फुकटची तपासणी आहे, आणि पिन मोडायच्या कितीतरी आधी ती बोलते.

आता ड्युएलमधल्या त्या तीन सेकंदांबद्दल. शॉट उडाला नाही तर पिस्तूल टार्गेटच्या दिशेने खालीच ठेवायचं, बोट ट्रिगरवरून काढायचं आणि मोकळा हात वर करायचा. बोल्ट ओढायचा नाही, मॅगझिनला हात लावायचा नाही. रेंज ऑफिसर येऊन बघेल. दोष पिस्तुलाचा किंवा राउंडचा ठरला तर राहिलेले शॉट पूर्ण करायला मिळतात. तुम्ही आधीच बोल्ट मागे ओढलात तर पुरावाच गेला, आणि तो शॉट शून्य. राउंड भरायचा राहिला किंवा सेफ्टी लागलेली होती, तरी शून्यच. हे सगळ्यांना पाठ असतं, पण नव्या मुलींचा हात सवयीने बोल्टकडे जातोच. आमचे सर म्हणूनच सरावात मध्येच मॅगझिनमध्ये डमी राउंड घालून देतात, न सांगता.

अंतिम फेरीत एका शॉटची किंमत केवढी ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्याच राही सरनोबतचं सुवर्ण शूट-ऑफवर, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा शॉट्सवर, ठरलं. तिचे आणि थायलंडच्या नेमबाजाचे ३४-३४ हिट झाले होते. पिस्तूल बिघडलं की काय होतं, ते २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरच्या वेळी सगळ्या देशाने बघितलं. पात्रता फेरीत वेळ गेला, ५७५ वर ती थांबली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. ते एअर पिस्तूल होतं, त्याच्या बिघाडाची जात वेगळी. पण घड्याळ दोन्हीकडे सारखंच चालतं.

पिन मिळवणं हा या सगळ्यातला सर्वांत कंटाळवाणा भाग. किंमत फार नाही. पिस्तुलाच्या किमतीपुढे किरकोळच. वाट बघण्यात जीव जातो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'फायरआर्म' या व्याख्येतच सुटे भाग येतात, त्यामुळे बाहेरदेशातून मोबाईलचं कव्हर मागवावं तशी पिन मागवता येत नाही. दुरुस्तीचा धंदा करायलाही परवाना लागतो. म्हणून भाग परवानाधारक डीलरमार्फत मागवला आणि काम परवाना असलेल्या कारागिराकडे दिलं. कुणी लेथवर 'तशीच' पिन काढून देतो म्हणालं तर नको म्हणा. कायद्याचं एक कारण आहेच. शिवाय टोकाची लांबी किंचित जास्त झाली तरी ते चेंबरच्या काठाला भिडतं, आणि पोलाद नीट पाणी दिलेलं नसेल तर एकतर पिन दबते, नाहीतर तडकते. या मधल्या काळात क्लबच्या पिस्तुलावर सराव केला. ग्रिप माझ्या हाताची नव्हती, त्यामुळे गुणांबद्दल न बोललेलं बरं.

कारागीर काका जुन्या वळणाचे. पिन हातात देऊन "बसवून द्या" म्हटलं तर ती बाजूला ठेवली आणि आधी टॉर्च घेऊन चेंबर बघितलं. म्हणाले, "ताई, पिन नवी टाकून काय उपयोग? जिथं आपटायची, तिथं खड्डा हाय." खरंच, चेंबरच्या काठावर, बरोबर पिनच्या जागी, नखाला लागेल असा चेपलेला भाग होता. तिथं रिमला टेकूच कमी. शिवाय चेपलेलं पोलाद आतल्या बाजूला सरकून त्याचा बारीक काठ उभा राहिला होता. राउंड आत जाताना त्याला घासायचा. कधीकधी बोल्ट पूर्ण बंद होत नव्हता त्याचं कारण हे. काकांनी घासून पोलाद काढलं नाही. चेंबरच्या मापाचं हत्यार आत घालून सरकलेलं पोलाद दाबून मागं नेलं. कानसने काढलेलं पोलाद परत येत नाही, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

मग पिन आणि नवी रिटर्न स्प्रिंग. ही स्प्रिंग आपटून झाल्यावर पिनला मागे खेचते. जुनी थकली होती. नवीशेजारी ठेवली तर आखूड दिसत होती. बोल्टच्या मागचे प्लॅस्टिकचे बफरही हातासरशी बदलले. जुन्यांना बारीक चिरा होत्या. बफर गेले की बोल्टचा मागचा धक्का सगळ्या सांगाड्याला बसतो, पिनलाही. बफर ही झिजायचीच वस्तू आहे, आणि सुट्या भागांत सर्वांत स्वस्त. ते वेळेवर बदलायला कंजूषपणा करणारे लोक मला कळत नाहीत.

काम झाल्यावर एक गोष्ट मात्र कराच: ट्रिगरचं वजन तपासा. पिन बदलल्याने ते बदलायला नको, पण पिस्तूल उघडलेलं असतं. आमच्या प्रकारात ट्रिगरने किमान १००० ग्रॅम उचललं पाहिजे, आणि स्पर्धेच्या तपासणीत ९९० निघाले तर कुणी ऐकून घेत नाही. माझं जसंच्या तसं होतं.

आता वापराचं. सुरुवातीला मुद्दाम तीन प्रकारचे राउंड चालवून बघितले: एक महागडा मॅच ग्रेड, एक मधला जर्मन, आणि एक सरावाचा स्वस्त. स्वस्तात अजूनही क्वचित डड निघतो, पण खूण खोल असते आणि फिरवल्यावर उडतो. म्हणजे पिनची त्यात काही चूक नाही. मधल्या ग्रेडवर माझा सगळा सराव आणि जिल्हा पातळी चालते. महागड्याने पिस्तूल जास्त खात्रीने पेटतं असं मला दिसलं नाही.

ग्रुपबद्दल, म्हणजे गोळ्या टार्गेटवर किती जवळजवळ लागतात त्याबद्दल, रायफलवाल्या मैत्रिणी आवर्जून विचारतात. काडतुसं एकसारखी पेटली नाहीत की गोळीचा वेग कमीजास्त होतो आणि ग्रुप उभा पसरतो, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण ५० मीटर रायफलसाठी. तिथं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. पिस्तुलाच्या प्रिसिजन टार्गेटवर दहा ५० मिलिमीटरचा, रॅपिडवर १०० चा. गोळी साधारण ३२० मीटर प्रतिसेकंद वेगाने जाते. त्यात दहा मीटरचा फरक पडला तर २५ मीटरवर ती दोनेक मिलिमीटर खाली-वर लागेल. तेवढं तर माझं मनगट प्रत्येक शॉटला हलतं. नव्या पिनमुळे गुण वाढतील अशा आशेने खर्च करू नका. शॉट उडेल एवढी खात्री मिळते, आणि ड्युएलमध्ये ती खात्री पुष्कळ असते. डोक्यातली 'उडेल ना?' ही शंका गेल्यावर ट्रिगर आधीपेक्षा बिनधास्त दाबला जातो. गुण थोडे सुधारले ते त्यामुळे, असं मला वाटतं.

ड्राय फायरिंग सोडून चालत नाही, निम्मा सराव तोच. ज्या पिस्तुलाला ड्राय फायरची वेगळी सोय आहे त्यांनी तीच वापरावी. मी चेंबरमध्ये प्लॅस्टिकचा लाल डमी घालते. भिंतीत स्क्रूसाठी घालतात त्या प्लॅस्टिकच्या गट्टीवरही काहीजण काम भागवतात. मी वापरून बघितली. चालते, पण लवकर कुरतडली जाते आणि तिचे तुकडे चेंबरमध्ये राहतात. शिवाय डमी लाल असला की लांबूनही कळतं. ड्राय करताना खोलीत खरा राउंड असता कामा नये, हा नियम वेगळा सांगायला नकोच.

कोल्हापूरच्या पावसाने एक गोष्ट शिकवली. गंज येऊ नये म्हणून पिनच्या खोबणीत तेल भरून ठेवायचा मोह होतो. पॉइंट टू-टूच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं; ते, जळकी पावडर आणि तेल मिळून खोबणीत चिकट लगदा होतो आणि पिन सुस्तावते. खोबण जवळजवळ कोरडी ठेवा, तेल बाहेरच्या पोलादाला लावा. फोमच्या पेटीत पिस्तूल महिनोन्‌महिने बंद ठेवू नका, फोम दमटपणा धरून ठेवतो. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत राहा.

नवीन घेणाऱ्यांना एवढंच म्हणेन: पिस्तूल घेतानाच डीलरकडे एक पिन, तिची स्प्रिंग आणि बफरचा जोड याची ऑर्डर देऊन टाका. तुटल्यावर मागवायला गेलात तर मोसम हातचा जातो. सेकंड-हँड घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी टॉर्च लावून चेंबरचा काठ बघा. ग्रिपवरच्या ओरखड्यांपेक्षा त्याला जास्त महत्त्व द्या.

माझ्या पिस्तुलाचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे उडालेलं केस चेंबरमधून ओढून काढणारा आकडा, आता जुना झालाय. तापलेल्या दिवशी एखादं केस बोल्टमध्ये उभं अडकतं. त्याच्या टोकाची धार बोटाला पूर्वीसारखी लागत नाही. पुढची ऑर्डर त्याची दिलेली आहे, आणि या वेळी दोन मागवलेत.