दोन रविवार, बाराशे रुपये आणि एक बर्फाची पेटी

ठाण्यात घंटाळीजवळ एका हॉलमध्ये दोन रविवारांचा वर्ग केला. विषय असा, की पैसा अशा ठिकाणी लावायचा जिथे समाजाचंही भलं होईल आणि आपल्यालाही चार पैसे सुटतील. फी १२०० रुपये, वेळ सकाळी दहा ते चार, त्यात नाश्ता, जेवण आणि दोनदा चहा. मुलीनं मला न विचारताच नाव घातलं आणि म्हणाली, "बाबा, तुमच्याच धंद्यातलं आहे, जाऊन या." वर्ग घेणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि मला भांडण नको, फक्त सांगायचंय. पाचपैकी साडेतीन तारे.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. मी २३ वर्षं एका पतपेढीचा पिग्मी एजंट होतो, म्हणजे रोज दारोदार जाऊन छोटी बचत गोळा करणारा. स्टेशन, जांभळी नाका, चेंदणी कोळीवाडा, परत स्टेशन. रोज संध्याकाळी दीडशेच्या आसपास गिऱ्हाईकं, कुणाचे २० रुपये, कुणाचे ५०, एखाद्या कापडवाल्याचे ५००. सुरुवातीला पावतीपुस्तक, नंतर कमरेला लटकवायचं मशीन आलं. कमिशन ३ टक्के. शेवटी पतपेढी डबघाईला आली आणि ठेवीदारांना तोंड द्यायला संचालक नव्हते, मी होतो. तेव्हापासून कुणी "चांगल्या कामासाठी पैसे लावा" म्हटलं की माझा हात आधी खिशावर जातो.

शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या. पन्नाशीच्या आत, बोलणं स्वच्छ, प्रश्न टाळत नव्हत्या. पडद्यावरचं सगळं मात्र इंग्रजीत, आणि हातात दिलेल्या सोळा पानी पुस्तिकेत 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग'चं मराठी करून ठेवलेलं 'प्रभाव गुंतवणूक'. प्रभाव नगरसेवकाचा असतो. शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षिका दोन्ही रविवार त्याला 'दबाव गुंतवणूक' म्हणत राहिल्या आणि कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही.

पहिला तास इतिहासाचा. 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग' हा शब्द २००७ साली इटलीतल्या बेलाजिओ गावी, रॉकफेलर फाउंडेशनच्या बैठकीत निघाला, असं बाईंनी सांगितलं. मी हात वर केला. म्हटलं, शब्द तेव्हा निघाला असेल, पण १९२८ साली उडुपीत सिंडिकेट बँकेच्या लोकांनी विणकर आणि छोट्या दुकानदारांच्या दारात जाऊन रोज दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, त्याला काय म्हणायचं? पिग्मी हे नाव तिथलंच. बाई म्हणाल्या, "काका, हे तुम्ही जेवणानंतर सगळ्यांना सांगा." आणि खरंच दहा मिनिटं दिली. हे मला आवडलं.

मांडणी त्यांनी एका सरळ रेघेवर केली. डाव्या टोकाला देणगी, उजव्या टोकाला नुसता नफा, आणि मधल्या पट्ट्यात हे सगळे प्रकार. देणगीच्या टोकाशी सोशल स्टॉक एक्स्चेंज आलं, म्हणजे समाजसेवी संस्थांना पैसे उभे करता यावेत म्हणून शेअर बाजारात केलेला वेगळा विभाग. २०१९ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी त्याची घोषणा केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंगळुरूच्या उन्नती फाउंडेशनचा पहिला रोखा तिथे सूचिबद्ध झाला. तिथे जो कागद मिळतो त्याचं नाव झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल. कळव्याहून आलेले एक गृहस्थ बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे व्याज नाही?" नाही. "आणि मुद्दल?" तेही नाही. "मग मॅडम, ही देणगीच की, फक्त डिमॅटमधली!" हॉल हसला, बाईही हसल्या आणि म्हणाल्या, अगदी तेच आहे. फरक इतकाच, की पैसे घेणाऱ्या संस्थेला कामाचा हिशेब जाहीर करावा लागतो. पूर्वी किमान २ लाख रुपये लागायचे, मग १०,००० झाले, आता १,००० वर आलंय. मला हे आवडलं. देवळाच्या पेटीत टाकलेल्या हजाराचा हिशेब आजवर कुणी दिलेला नाही.

उजव्या बाजूला सरकारी ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठी काढलेले कर्जरोखे. जानेवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा ८,००० कोटींचे काढले, पाच वर्षांचे ७.१० टक्क्यांनी आणि दहा वर्षांचे ७.२९ टक्क्यांनी. सरकारी रोख्यांसाठी रिटेल डायरेक्टचं खातं थेट रिझर्व्ह बँकेकडे उघडता येतं, १०,००० पासून, मध्ये दलाल नाही. पुणे महापालिकेच्या २०१७ च्या २०० कोटींच्या कर्जरोख्याचंही उदाहरण आलं, पाणीपुरवठ्यासाठी, ७.५९ टक्के. त्यावर घोडबंदर रोडच्या एका बाईंनी विचारलं, "टँकरवर रोखा निघतो का हो?" हा भाग लवकर आटपला. एआयएफ नावाच्या, बड्या गुंतवणूकदारांच्या फंडांचा भाग त्याहून लवकर, कारण तिथे साधारण १ कोटी लागतात आणि हॉलमध्ये पोहे संपले की नाही याची चिंता करणारी माणसं बसली होती.

पहिल्या रविवारचं खरं जेवण राजस्थानच्या गोष्टीत होतं. २०१५ ते २०१८, भिलवाडा जिल्हा. 'एज्युकेट गर्ल्स' ही संस्था शाळेबाहेरच्या मुली शाळेत आणते आणि वर्गातल्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवते. कामाला लागणारे पैसे एका स्विस बँकेच्या फाउंडेशननं आधी घातले, सुमारे २ लाख ७० हजार डॉलर. अट अशी, की तिसऱ्याच कुणीतरी मुलांची परीक्षा घेऊन मोजायचं, आणि ठरलेलं साधलं तर लंडनचं दुसरं फाउंडेशन मुद्दल अधिक परतावा देणार. साधलं नाही तर आधीच्यांचे पैसे बुडाले. तीन वर्षांनी शिकण्यातली वाढ ठरवल्याच्या १६० टक्के निघाली, पटनोंदणी ११६ टक्के, आणि पैसे घालणाऱ्याला वर्षाला १५ टक्के सुटले. मी वहीत दोनदा अधोरेखित केलं: आधी मोजलं, मग दिलं. आमच्या पतपेढीत नेमकं उलटं होतं. आधी वाटलं, मग मोजायला बसले.

गुलाबी बाजू दाखवून बाई थांबल्या नाहीत, हे त्यांच्या खात्यात मांडतो. २०१० चं आंध्र प्रदेश त्यांनी पूर्ण सांगितलं. गरीब बायकांना विनातारण छोटी कर्जं, गटाची हमी, सगळं भल्याचंच. ऑगस्टमध्ये हैदराबादच्या एका मोठ्या मायक्रोफायनान्स कंपनीचा शेअर ९८५ रुपयांनी विकून बाजारात आला. एकेका बाईवर चार-चार कंपन्यांची कर्जं चढलेली, वसुलीवाले दारात, आत्महत्यांच्या बातम्या, आणि ऑक्टोबरमध्ये सरकारचा अध्यादेश. वसुली जवळजवळ थांबली. हॉल शांत होता. दारात उभं राहण्याची जागा मला माहीत आहे. पिग्मीवाला घ्यायला येतो ते तिचेच पैसे ठेवायला, तरी महिनाअखेरीस काही बायका मला बघून आत जायच्या. कर्जवाल्याला बघून काय होत असेल!

दुसऱ्या रविवारी गटात बसवून तीन कागद दिले. जुन्नरकडची टोमॅटोची सौर शीतपेटी, पापडवाल्या बचत गटाची मशीन, एका मोठ्या कंपनीचा ग्रीन बाँड. प्रत्येक कागदाखाली एकच प्रश्न: तुमचे पैसे नसते, तर काय झालं असतं? या एका प्रश्नावर बाराशे रुपये वसूल. मोठ्या कंपनीला पैसे कुठूनही मिळाले असते. सरकारी ग्रीन बाँडचंही तेच, माझ्या दहा हजारांवाचून सौर प्रकल्प अडत नाही. पैसा सुरक्षित, पण भलं माझ्यामुळे झालं म्हणायची सोय नाही. पापडवाल्यांचं मात्र अडलं असतं, आणि तिथेच पैसे बुडायची भीती जास्त. आमचा गट तासभर यावरच भांडला, चहा थंड झाला.

आणि मला चेंदणीतली मावशी आठवली. अकरा वर्षं रोज ५० रुपये भरायची, मासळीच्या वासाच्या नोटा, त्या मी वेगळ्या कप्प्यात ठेवायचो. त्या बचतीतून तिनं मोठी बर्फाची पेटी घेतली. त्याआधी दुपारी बाराला उरलेला बांगडा मिळेल त्या भावाला काढून टाकायची, पेटी आल्यावर संध्याकाळच्या गिऱ्हाइकाची वाट बघायला लागली. ही पेटी मी आयुष्यभर माझं काम म्हणून सांगत आलोय. लग्नांत सांगितलीय, पतपेढीच्या वार्षिक सभेत सांगितलीय. त्या रविवारी वर्ग सुटल्यावर चालतच कोळीवाड्यात गेलो. मावशी दारात बोंबील साफ करत होती. विचारलं, "मावशी, मी पिग्मी घ्यायला आलो नसतो तर पेटी घेतली नसतीस ना?"

तिनं सुरी थांबवली नाही. "घेतलीच असती रे भाऊ. दोन पावसाले उशिरा."

दोन पावसाळे. २३ वर्षांच्या नोकरीचा माझा असर इतका निघाला. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, दोन पावसाळे काय थोडे झाले? ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मोजायचं कसं हे या वर्गानं शिकवलं, आणि जो शिकेल त्यानं आधी स्वतःच्या बढाया मोजाव्यात.

आता तक्रार. दुसऱ्या रविवारी सकाळीच बाईंनी पीटूपी शिकवलं, म्हणजे मोबाइलवरून थेट शेतकऱ्याला किंवा कारागिराला आपण कर्ज द्यायचं. नियमही नीट सांगितले: सगळ्या प्लॅटफॉर्मवर मिळून एका माणसाला ५० लाखांची मर्यादा, कर्ज बुडालं तर सगळा तोटा आपला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बजावलंय की याला हमखास परताव्याची गुंतवणूक म्हणून विकायचं नाही. चार वाजता प्रमाणपत्र घेऊन बाहेर आलो, तर चपलांच्या शेजारी टेबल. टाय लावलेला मुलगा, हातात फॉर्म. "काका, महिला उद्योजकांना मदत, आणि १२ टक्के फिक्स." मी म्हटलं, "बाळा, आत सकाळी काय शिकवलं ते ऐकलंस का?" तो म्हणाला, तो आत नव्हता, त्याला फक्त टेबलाचं सांगितलं होतं. आयोजकांना विचारलं तर, "ते प्रायोजक आहेत, आमचा संबंध नाही." हॉलचं भाडं कुणी दिलं हे मग कळलं. दोघांनी तिथेच फॉर्म भरले. त्यातल्या एक त्या शिक्षिका. एक तारा इथे गेला.

आणखी एक गोष्ट कुणीच बोललं नाही, म्हणून इथे लिहितो. बँकेतली ठेव ५ लाखांपर्यंत विम्यात असते, पतपेढीतली नसते. हॉलमध्ये 'आपल्या माणसांची पतपेढी' म्हणून कौतुकानं बोलणारे तीन-चार होते आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. समाजाचं भलं या विषयावरच्या सोळा पानांत त्याला एक ओळ मिळायला हवी होती.

उरलेला अर्धा तारा मावशीमुळे गेला. मी उठायला लागलो तर म्हणाली, "एवढं दोन रविवार शिकून आलास, तर सांग, माझे पन्नास रुपये आता कुठं ठेवू? तुझी पेढी तर बुडाली." पुस्तिका माझ्या पिशवीतच होती. त्यात तिच्यासारख्या बायकांचे फोटो पान दोन, पाच आणि अकरावर होते. डिमॅट, पॅन, १०,०००, १ कोटी. मी पानं उलटली आणि पुस्तिका परत पिशवीत ठेवली.

म्हटलं, पोस्टात. आरडी काढ, महिन्याला शंभरापासून चालते.

"घ्यायला कोण येईल?" ती म्हणाली.